वैमानिकांचा पगार आणि इतर पेशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पायलटला महिन्याला सात-आठ लाख मिळतात म्हणे!’ लग्नाच्या बैठकीपासून बारावीच्या मुलांच्या समुपदेशनापर्यंत हे वाक्य कुठेही कानावर पडतं. आकडा खराच आहे. तो कोणत्या हुद्द्याचा, किती वर्षांनंतरचा आणि किती लाख आधी घालून मिळालेला, हे मात्र कुणी सांगत नाही. मुलं आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आकडे प्रामुख्याने भारतातले आहेत, तुलनेला लागेल तिथे अमेरिकेतले.

भारतात वैमानिकाला नेमका किती पगार मिळतो?

‘वैमानिक’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या कमाया दडल्या आहेत. कॉकपिटमध्ये डावीकडे बसतो तो कॅप्टन, उजवीकडे बसतो तो फर्स्ट ऑफिसर, म्हणजे बोलीभाषेत एफओ. दोघांच्या पगारात दुप्पट-तिप्पट फरक असतो.

जाहीर झालेले काही आकडे पाहू. अकासा एअरने २०२२ मध्ये पगार वाढवले, तेव्हा सुरुवातीच्या एफओचा मासिक पगार ₹१.११ लाखांवरून ₹१.८ लाख झाला आणि कॅप्टनचा ₹२.७९ लाखांवरून ₹४.५ लाख. स्पाइसजेटने मे २०२३ मध्ये कॅप्टनसाठी महिना ७५ तासांच्या उड्डाणाला ₹७.५ लाख जाहीर केले. सगळीकडे ऐकू येणारा ‘सात-आठ लाख’ याच जातीचा आकडा आहे. ढोबळमानाने एफओ दीड ते तीन लाखांत, एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ उडवणारा कॅप्टन पाच ते नऊ लाखांत आणि लंडन-न्यूयॉर्कला जाणाऱ्या मोठ्या विमानाचा कॅप्टन त्याच्याही वर, असं चित्र धरायला हरकत नाही. एफओचा कॅप्टन व्हायला, म्हणजे ‘कमांड’ मिळायला, कंपनी वाढत असेल तर पाच-सहा वर्षं लागतात. कंपनी रखडली की दहाही लागतात.

पगार तासांवर असतो म्हणजे काय?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबू.

सरकारी अधिकाऱ्याला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे असं ठरलेलं मिळतं. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग ‘फ्लाइंग अलाउन्स’ असतो आणि तो ब्लॉक तासांवर मोजतात. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, पुढच्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की बंद. त्याआधी तासभर येऊन हवामान पाहणं, इंधन ठरवणं, मद्यचाचणी देणं, दोन फेऱ्यांमध्ये तिष्ठत बसणं हा वेळ ड्युटीत धरतात, पण उड्डाणाच्या तासांत धरत नाहीत. पहाटे तीनला घरातून निघून दुपारी दोनला परतलेल्या वैमानिकाच्या खात्यात पाच-साडेपाच तासच जमा झाले, हे रोजचंच आहे.

म्हणून करारातला खरा कळीचा आकडा म्हणजे हमीचे तास. काम मिळो न मिळो, किती तासांचे पैसे नक्की मिळणार? एअर इंडियात २०२३ मध्ये यावरूनच वाद झाला. नव्या वेतनरचनेत हमी ४० तासांची होती आणि वैमानिकांना कोविडपूर्वीचे ७० तास परत हवे होते. बाहेरच्याला हा किरकोळ हिशेब वाटेल. तासाचा दर हजारांत असतो तेव्हा ३० तासांचा फरक म्हणजे महिन्याला लाखांचा फरक.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९३४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळाने ‘डिसिजन ८३’ या नावाने ओळखला जाणारा निवाडा दिला. त्यात मूळ पगार, तासाचा दर आणि मैलांचा दर यांची सांगड घालून उड्डाणाला महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. विमानांचा वेग वाढत होता, तेवढंच अंतर कमी तासांत कापलं जात होतं आणि निव्वळ तास मोजले असते तर यंत्र सुधारल्याचा सगळा फायदा मालकाच्याच पदरात पडला असता. विमान जितकं मोठं आणि वेगवान, तितका दर जास्त, ही रीत जगभर तिथूनच रुजली. त्यामुळे एकाच अनुभवाचे दोन कॅप्टन, एक छोट्या एटीआर विमानावर आणि दुसरा मोठ्या बोईंग ७७७ वर, यांच्या पगारात आजही मोठी दरी दिसते.

महिन्याला ७५ तास म्हणजे आठवड्याला १८-१९ तासच काम! मग थकवा कसला?

हे गणित चुकीचं आहे. वर सांगितलेला ड्युटीचा वेळ उड्डाणाच्या जवळजवळ दुप्पट भरतो. शिवाय भारतात वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उड्डाण कायद्यानेच करता येत नाही, म्हणजे महिन्याला सरासरी ८३ तास. महिन्याला ७५ तास उडणारा वैमानिक त्या मर्यादेच्या जवळपासच राबत असतो.

थकव्याचा प्रश्न किती गंभीर आहे हे नियमांवरूनच कळतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम लागू झाले २०२५ मध्ये, तेही दोन टप्प्यांत. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला आला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या हिशेबाने लागणारे वैमानिक वेळापत्रकाला पुरेनात. तयारीला दोन वर्षं हाती असताना हे व्हावं, यात दोष नियमांचा नव्हता, असं माझं मत.

वैमानिकाचा पगार खरंच राष्ट्रपतींपेक्षा जास्त असतो?

कागदावर, हो. राष्ट्रपतींचं वेतन २०१८ पासून महिना ₹५ लाख आहे. राज्यपालांचं ₹३.५ लाख, भारताच्या सरन्यायाधीशांचं ₹२.८ लाख, कॅबिनेट सचिवांचं मूळ वेतन ₹२.५ लाख. आयएएस अधिकाऱ्याची सुरुवात सातव्या वेतन आयोगानुसार ₹५६,१०० मूळ वेतनापासून होते.

यावरून समाजमाध्यमांवर चित्रं फिरतात, ती मात्र फसवी असतात. कलेक्टरला बंगला, गाडी, नोकरचाकर, वैद्यकीय सेवा आणि निवृत्तीनंतरची सोय मिळते. खासगी विमान कंपनीत निवृत्तिवेतन म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि स्वतः साठवलेलं. कलेक्टरची बदली होते, पण नोकरी जात नाही. रोख पगारात वैमानिक पुढे, सुरक्षिततेत अधिकारी फारच पुढे. अधिकाराची तर तुलनाच नको; कॅप्टनचा शब्द विमानाच्या दारापर्यंत चालतो.

डॉक्टर आणि पायलट, यांत कोण जास्त कमावतो?

तिशीपर्यंत पायलट, पन्नाशीनंतर बहुधा डॉक्टर.

एमबीबीएसला साडेपाच वर्षं, मग पीजी प्रवेशाची झुंज, मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षं, सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. डॉक्टर मुलगी खऱ्या अर्थाने कमावू लागते तेव्हा तिशी उलटलेली असते. सगळं सुरळीत झालं तर पायलट पंचविशीत एफओ आणि तिशीच्या आसपास कॅप्टन होतो. या सात-आठ वर्षांची आघाडी मोठी असते.

पुढे मात्र चित्र बदलतं. कॅप्टनचा पगार एका उंचीला पोचला की जवळजवळ तिथेच थांबतो, कारण वर्षाचे तास वाढवता येत नाहीत. सांगली-मिरजेच्या किंवा औरंगाबादच्या नावाजलेल्या सर्जनला अशी मर्यादा नाही. तो स्वतःचं रुग्णालय काढतो, चार माणसं हाताखाली ठेवतो, सत्तरीतही ओपीडी पाहतो आणि पुढच्या पिढीच्या हाती चालती संस्था देतो. पायलटला मुलाच्या हाती सोपवता येईल असं काही उरत नाही. पासष्टीला प्रवासी विमानाचं कॉकपिट कायद्याने बंद होतं.

सीए, इंजिनीअर, आयटी?

सीएच्या शिक्षणाचा खर्च पायलटच्या तुलनेत नगण्य आहे. नापास होण्याचं भय मोठं, पण नापास झालं तरी घर गहाण पडलेलं नसतं. आयटीत सुरुवात वैमानिकापेक्षा खूप खाली. मोठ्या भारतीय कंपन्यांत नवख्याला वर्षाला साधारण साडेतीन लाख मिळतात आणि तो आकडा वर्षानुवर्षं हललेला नाही. परदेशी कंपन्यांच्या बंगळूरू-पुण्यातल्या वरिष्ठ पदांवर, शेअर धरून, कॅप्टनची बरोबरी किंवा त्याहून जास्त होते. शिवाय घरून काम!

रेल्वेचा लोको पायलटही शेकडो जीव वाहून नेतो. त्याला इतकं कमी का?

हा प्रश्न मुलंच विचारतात, मोठ्यांना तो सुचत नाही.

सहायक लोको पायलटचं मूळ वेतन ₹१९,९०० पासून सुरू होतं. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये १,१२८ प्रवासी बसतात, ए३२० मध्ये १८०च्या आसपास. लोको पायलटच्याही रात्री जागून जातात, त्याचीही मद्यचाचणी होते, डोळे तपासले जातात, सिग्नल चुकला तर त्याचीही नोकरी जाते. गंमत म्हणजे पगाराची घडणही सारखीच आहे. वैमानिकाला तासांचा भत्ता, लोको पायलटला किलोमीटरचा. मुंबई-भुसावळ गाडी नेणाऱ्याच्या पगारपत्रकात ‘रनिंग अलाउन्स’ हा मोठा आकडा असतो.

विमानतळाच्या टॉवरमध्ये बसलेल्या नियंत्रकाचंही तेच. भारतीय विमानतळ प्राधिकरणात एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, कनिष्ठ अधिकाऱ्याची वेतनश्रेणी ₹४०,००० पासून सुरू होते. मुंबईसारख्या, एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांच्या गजबजलेल्या विमानतळावर तो एका वेळी अनेक विमानं सांभाळतो. त्याच्या कानातल्या हेडफोनच्या पलीकडे बसलेला कॅप्टन त्याच्या कितीतरी पट कमावतो.

तेव्हा ‘एवढ्या जिवांची जबाबदारी असते म्हणून एवढा पगार’ हे नेहमीचं उत्तर टिकत नाही. जबाबदारीला बाजारात भाव असता तर लोको पायलट, नियंत्रक आणि घाटातली एसटी चालवणारा चालक तिघेही श्रीमंत असते.

मग इतका पगार कशामुळे?

दुर्मिळतेमुळे, आणि काम थांबलं की होणाऱ्या नुकसानामुळे.

लोको पायलटला रेल्वे स्वतःच्या खर्चाने शिकवते आणि एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. त्याला दुसरा मालक नाही. ए३२० च्या कॅप्टनला मात्र डझनभर देशांत मागणी असते. एटीपीएल, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या परवान्यासाठी किमान १,५०० तास उड्डाण लागतं, त्यावर विशिष्ट विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवण्याची मान्यता, त्यावर कमांडचा अनुभव. पैसे ओतले तरी असा माणूस सहा महिन्यांत तयार होत नाही. तो न आल्यास शेकडो कोटींचं विमान उभं राहतं, भाड्याचे हप्ते चालूच राहतात आणि दीड-पावणेदोनशे तिकिटांचे पैसे परत करावे लागतात.

कंपन्यांनाही हे कळतं. डीजीसीएने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि एफओसाठी सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली. इतकी लांब नोटीस दुसऱ्या कोणत्या खासगी नोकरीत आहे? २०२३ मध्ये ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले म्हणून अकासाला उड्डाणं रद्द करावी लागली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. सात-आठ लाखांच्या पगाराच्या मुळाशी ही घासाघीस आहे.

आणि ही दुर्मिळता फक्त डाव्या खुर्चीची. उजव्या खुर्चीसाठी रांग असते. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६०० हून अधिक व्यावसायिक परवाने दिले, तो तोपर्यंतचा उच्चांक. एअर इंडियाने त्या वर्षी ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने ५०० ची, त्यामुळे ‘हजारो पायलट लागणार’ अशा बातम्या आल्या. लागणार हे खरंच, पण विमानं वर्षानुवर्षांत थोडी थोडी येतात आणि परवाने आजच हातात पडतात. दोनशे तासांचा परवाना खिशात आणि नोकरीचा पत्ता नाही, अशी मुलं प्रत्येक फ्लाइंग क्लबच्या व्हॉट्सअॅप गटात सापडतील. वर्तमानपत्राच्या मथळ्यात पायलटची टंचाई असते तेव्हा ती कॅप्टनची टंचाई असते, एवढं लक्षात ठेवा.

माझ्या तिकिटात पायलटचा वाटा किती?

हिशेब सोपा आहे. ७५ तासांना ₹७.५ लाख म्हणजे तासाला ₹१०,०००. मुंबई-दिल्ली सव्वादोन तास धरले तर कॅप्टनचे ₹२२,५००. विमानात १५० प्रवासी असतील तर माणशी ₹१५०. एफओचे त्यात साधारण ₹५० मिळवा. विमानतळावर कॉफीला याहून जास्त मोजतो आपण.

शिकायला किती खर्च येतो? कर्ज फिटतं का?

व्यावसायिक परवान्यापर्यंत, म्हणजे सीपीएलपर्यंत, २०० तासांच्या उड्डाणासह साधारण ₹५० लाखांपासून पुढे. त्यानंतर ए३२० किंवा ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे आणखी पंधरा-वीस लाख. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत सगळं मिळून कोटीच्या घरात जातं. त्या बदल्यात नोकरीची शक्यता बरीच वाढते, बहुधा एखाद्या बॉण्डसह.

₹६० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरा. हप्ता येतो सुमारे ₹८२,६००. दोन लाखांच्या आसपास कमावणाऱ्या एफओला तो झेपतो, पण मुंबईत भाड्याने राहायचं असेल तर हात आखडूनच. नोकरी दोन वर्षं उशिरा लागली तर व्याज चढत जातं आणि हप्ता वडिलांच्या पगारातून किंवा शेतीच्या तुकड्यातून जातो. एवढं मोठं कर्ज बँक तारणाशिवाय देत नाही, ही आणखी एक अडचण. म्हणून या पेशात येणारे बरेचसे आधीच सुस्थितीतल्या घरातले असतात, आणि पगाराची तुलना करताना हे हटकून विसरलं जातं. आयएएसच्या यादीत शेतमजुराचा मुलगा दिसतो, कॉकपिटमध्ये क्वचितच.

महाराष्ट्रात शिकण्याच्या जागा बऱ्याच आहेत. १९२८ साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षण आता धुळ्याला चालतं. बारामती, शिरपूर, गोंदियाजवळची बिरसी इथेही संस्था आहेत आणि नागपूर फ्लाइंग क्लब जुनाच आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा मोजक्याच असतात, पण पात्र असाल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी उड्डाण अकादमी केंद्र सरकारची. तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

हवाई दलातून गेलं तर फुकट शिकता येतं ना?

येतं, पण तो वेगळा पेशा आहे. फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन आयएएसइतकंच, ₹५६,१००. त्यावर ₹१५,५०० लष्करी सेवा वेतन, ₹२५,००० फ्लाइंग भत्ता आणि महागाई भत्ता वगैरे. लढाऊ विमान उडवणाऱ्याला प्रवासी विमानाच्या नवख्या एफओपेक्षा कमी रोख मिळते. पुढे विमान कंपनीत जाता येतं, मात्र मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही. एअरलाइनची शिडी म्हणून हवाई दलात जाऊ नये, एवढंच म्हणेन.

आणि मर्चंट नेव्ही? आमच्या रत्नागिरीत घरटी एक जण जहाजावर आहे.

कोकण आणि गोव्यात ही तुलना स्वाभाविकच होते, आणि माझ्या मते सगळ्यांत बरोबरीची तुलना हीच. दोन्हीकडे परवाने, वैद्यकीय तपासण्या, ‘कॅप्टन’ ही पदवी आणि घरापासून लांब राहणं. जहाजाच्या शिक्षणाचा खर्च विमानाच्या तुलनेत फारच कमी. वर करात मोठी सवलत: वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला की खलाशी अनिवासी ठरतो आणि परदेशी जहाजावरच्या पगाराला इथला प्राप्तिकर सहसा लागत नाही. पायलट मुंबईत राहून रोज उडतो, त्याला पूर्ण कर.

किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. जहाजावरचा बाप गणपतीत असेलच असं नाही, पोर चालायला लागलेलं तो व्हिडिओ कॉलवर पाहतो. पायलट निदान आठवड्यातून दोन-चार रात्री घरी झोपतो. भर दुपारी का होईना.

करानंतर हातात काय उरतं?

वर्षाला ₹९० लाख म्हणजे महिन्याचे साडेसात लाख धरू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर, १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून, कर होतो जवळपास ₹२५.८ लाख. हातात महिन्याला साधारण ₹५.३५ लाख, भविष्य निर्वाह निधी त्यातूनच. गाजणारा आकडा आणि खात्यात पडणारा आकडा यांत दोन लाखांचं अंतर आहे.

दुबई-दोह्याकडे ओढ लागते ती यामुळेच. तिथे पगारावर प्राप्तिकर नाही आणि आखाती कंपन्या बहुधा घर आणि मुलांच्या शाळेचा खर्चही पाहतात.

अमेरिकेत काय परिस्थिती आहे?

तिथली आकडेवारी सरकारच प्रसिद्ध करतं, म्हणून तुलना स्वच्छ होते. मे २०२४ च्या आकड्यांनुसार एअरलाइन वैमानिकांची वार्षिक मध्यक कमाई सुमारे २ लाख २६ हजार डॉलर, वकिलांची दीड लाखांच्या आसपास, सॉफ्टवेअर डेव्हलपरची १ लाख ३३ हजार. वैमानिकांच्या वर उरतात मुख्यतः तज्ज्ञ डॉक्टर.

पण हे कायमचं नव्हतं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळून ५० जण गेले. चौकशीत उघड झालं की सहवैमानिक तरुणीचा वार्षिक पगार सोळा हजार डॉलरच्या आसपास होता. ती देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. दुर्घटनेच्याच महिन्यात, न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान सुखरूप उतरवणारे कॅप्टन सलेनबर्गर अमेरिकी काँग्रेससमोर बसले आणि आपला पगार ४० टक्के कापला गेला, निवृत्तिवेतन बुडालं, हे त्यांनी तिथे सांगितलं. देश त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होता तेव्हाची ही गोष्ट.

कोल्गन दुर्घटनेनंतर सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट आली, पुरवठा आटला. कोविडमध्ये अनेक ज्येष्ठ लवकर निवृत्त झाले. मग २०२२ मध्ये छोट्या प्रादेशिक कंपन्यांनी सुरुवातीचे दर एका झटक्यात वाढवले आणि मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत एकूण ३४ टक्के वाढीचा करार मिळवला. कंपन्यांचं मन या काळात मोठं झालं नव्हतं. माणसं मिळेनाशी झाली होती आणि संघटना भक्कम होत्या.

नोकरी किती पक्की असते?

किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती अवसायनात काढली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिन्ही ठिकाणी कर्मचाऱ्यांचे पगार थकले. स्पाइसजेटने सप्टेंबर २०२२ मध्ये ८० वैमानिकांना तीन महिने बिनपगारी रजेवर पाठवलं आणि आठ महिन्यांनी तिथेच साडेसात लाखांची घोषणा झाली! एवढे चढउतार एकाच कंपनीत.

कोविडमध्ये २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत उड्डाणं बंद होती. तासच नाहीत, म्हणजे तासांचा भत्ताही नाही. शिक्षक, बँक कर्मचारी, तलाठी यांचं वेतन त्या काळात चालू राहिलं. घराचा मोठा हप्ता डोक्यावर असलेला कॅप्टन कसाबसा निभावत होता.

कंपनी बदलली तर अमेरिकेत ज्येष्ठतेच्या यादीत पार तळाला जावं लागतं. भारतात कॅप्टनला थेट कॅप्टन म्हणून घेतात, हे आपल्याकडचं सुदैव.

स्त्री-वैमानिकांना समान पगार मिळतो का?

तासाचा दर आणि हुद्दा सारखा असेल तर हो. इथे वाटाघाटीला जागा कमी असते, हे बऱ्याच कॉर्पोरेट नोकऱ्यांपेक्षा चांगलं. भारतात वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. मात्र गरोदरपणात बराच काळ उड्डाण बंद राहतं, तास साचत नाहीत आणि कमांडची पाळी पुढे ढकलली जाते. नुकसान दरात दिसत नाही, वर्षांत दिसतं.

तब्येत बिघडली तर?

दरवर्षी, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी, क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकासाठीची, वैद्यकीय तपासणी. हृदयाच्या आलेखात खोट निघाली, साखर आटोक्याबाहेर गेली की कॉकपिट बंद. कधी काही महिने, कधी कायमचं. मधुमेह झालेला वकील दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहतो. परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा मिळतो, पण तो आयुष्यभराच्या कमाईची जागा घेत नाही. मद्यचाचणीत पहिल्यांदा सापडलात तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द.

मुलीला आकाशाचं वेड आहे, घरची परिस्थिती मध्यम आहे. पहिलं पाऊल कोणतं?

कोणत्याही अकादमीला टोकन रक्कम देण्याआधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून क्लास टू, म्हणजे प्राथमिक, आणि लगेच क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. अनेक घरांत हे शेवटी होतं आणि रंगांधळेपणा किंवा जुनी शस्त्रक्रिया तेव्हा आड येते. बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित आहे का, पाहा. नसेल तर मुक्त विद्यालयातून ते विषय देता येतात. मग हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियम हे डीजीसीएचे पेपर आधी सोडवायला सांगा. ते उत्तीर्ण होईपर्यंत मोठी रक्कम अडकवण्याची गरज नसते. अकादमी निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवून तिथल्या विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचारा: २०० तास पूर्ण व्हायला प्रत्यक्षात किती महिने लागले, आणि आज उडण्याच्या स्थितीत विमानं किती आहेत. फी एकरकमी मागत असतील तर टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांप्रमाणे भरण्याचा आग्रह धरा आणि तो लेखी घ्या.